पाचवा गजगा

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गावात कुणाच्या अंगात आलं असं ऐकलं की मी आईशी वाद घालते. म्हणून हे लिहू की नको, असं करत आठवडा गेला... पण आता मनात मावत नाहीये.

सुरुवात वाशिमला, हॉस्टेलवर झाली. रूममेटनं एक रील दाखवली. परदेशातली मुलं मुखवटे लावून दारोदार चॉकलेटं मागतात, हॅलोविन म्हणे. मी म्हटलं, "त्यात काय, आमच्याकडे भुलाबाई असते." आणि बोलता बोलता आठवलं, की आमच्या गल्लीत ती दोन वर्षं बसलीच नाही.

आमचं गाव केनवडजवळ. भुलाबाईत, म्हणजे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, गल्लीतल्या मुली घरोघरी गाणी म्हणतात, मग त्या घरची बाई बंद डब्यात खाऊ आणते. ती खिरापत. डबा हलवून आवाजावरून ओळखायचं, ओळखलं तरच झाकण उघडतं. यात माझ्या मैत्रिणीचा, वनिताचा हात कोणी धरू शकत नव्हतं. स्वतःच्या घरची पाळी आली की ती डब्यात मुद्दाम एक गजगा टाकायची — सागरगोट्याला आमच्याकडे गजगा म्हणतात — म्हणजे आवाजानं सगळ्या फसायच्या.

तिच्याकडे असे पाच गजगे होते. एकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. नववीत भांडणात मी तोच शाळेमागच्या नाल्यात फेकला, आणि तिला सांगितलं, हरवला. खरं सांगायचं राहूनच गेलं. बारावीनंतर आम्ही दोघी वाशिमला शिकणार होतो. निकालाच्या आधीच ती डेंग्यूच्या तापात गेली.

तेव्हापासून तिची आई, रुखमाकाकू, भुलाबाईला दार उघडेना. मुलींनीही सोडून दिलं. आणि मी... मला काकूंसमोर उभं राहायची हिंमतच झाली नाही.

या कोजागिरीला मी चॉकलेटची दोन पाकिटं घेऊन एस.टी.त बसले. प्रत्येक घरामागे एक चॉकलेट, असं आमिष दाखवून सात मुली जमवल्या. दिवेलागणीला निघालो. तीन घरं झाली, काय मजा आली सांगू... गाणी पाठ नव्हती, तरी पोरी बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या. मग काकूंचं दार आलं.

"ताई, तिथं नोको," माझी चुलत बहीण पिंकी म्हणाली. "काकू हाकलून देते."

"देऊ दे," मी म्हटलं आणि गाणं सुरू केलं.

ओट्यावर दोन गाणी झाली. दार उघडलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"आज सापडली काय वो शीतल, तुले वाट?"

"काकू, डबा आणा ना," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्या आत गेल्या. उघड्या दारातून सगळं दिसत होतं. फळीवरचा वनिताचा स्टीलचा डबा त्यांनी काढला, आतून पदरानं पुसला, टोपल्यातलं काहीतरी भरलं, झाकण लावलं.

सातही जणींनी हलवून पाहिला. नुसतं धप्प धप्प.

"चिवडा!"

"नाही."

"शंकरपाळे?"

"नाही वो. आता मोबाईलवर पाह्य, त्याच्यात दिसन." मग काकूंनी डबा माझ्या हातात दिला. "तू तं एवढी शिकून राह्यली. तुले येते काय ओळखता?"

मी हलवला. आतून आवाज आला — टक्... टक्. अंगावर काटा आला, पण भीती अजिबात वाटली नाही. खरं सांगू, हसू येत होतं.

"मुरमुऱ्याचे लाडू," मी म्हटलं. "अन् गजगा."

"लाडू बरोबर. पण गजगा मी कायले टाकू? तिचे चारही देव्हाऱ्यात ठेवेल हायेत."

त्यांनी झाकण काढलं. लाडूंच्या मधोमध गजगा होता. त्यावर लाल ठिपका.

मला रडूच फुटलं. "काकू, हा मी नाल्यात फेकला होता. वनिताले खोटं सांगतलं मी."

काकूंनी तो गजगा तळहातावर फिरवून पाहिला. "तिले मालूम होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी चिडली तं म्हने, राहू दे माय, शीतल देईन आणून."

मग त्यांनी एकेकीला हाताला धरून आत नेलं. पोरी लाडू खात, नाचत, परत परत विचारत होत्या, ताई, तुले कसं समजलं?

आता गजगा देव्हाऱ्यात आहे, डबा उरलेल्या लाडवांसकट माझ्यासोबत हॉस्टेलवर. त्यात तसेच लाडू भरून, मधे दुसरा गजगा ठेवून मी प्रयोग केला. रूममेटकडून वीस वेळा हलवून घेतला. प्रत्येक वेळी टक् वाजलं. मग त्या सातजणींना का ऐकू आलं नाही? आमच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, लाडवांत अडकला असेल. असेलही. पण पाच वर्षांपूर्वी नाल्यात गेलेला गजगा नुकत्याच पुसलेल्या डब्यात आला कसा, हे मला त्यांना विचारताच आलं नाही.

काल काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, "पुढल्या साली भुलाबाई पयले आमच्या घरी बसवजो. अन् लवकर ये. मले काई गाणे आठवत नाहीत, तूच शिकवशीन."