फ्लॅशशिवाय काढलेला फोटो
फिल्मच्या रोलची जुनी डबी उघडली, तो उग्र वास नाकात गेला आणि चामोर्शीचा स्टुडिओवाला आठवला. आमच्याकडच्या एका आश्रमशाळेतल्या मुली पावसाळ्यात धानाच्या जुन्या गोदामात कबड्डी खेळायच्या. खिडकी नाही, एक बल्ब, तोही मिणमिणता. अंधारात खांबावर आपटून एकीचा दात पडला, तरी आश्रमशाळांचे सरकारी साहेब म्हणे उजेड पुरेसा आहे! माझं डोकं फिरलं. आमच्या संघटनेच्या निषेध पत्रकात छापायला फोटो हवा होता. स्टुडिओवाल्याला म्हटलं, "भाऊ, मोठ्यातला मोठा फ्लॅश घ्या." तो हसला. "ताई, फ्लॅश मारला तं गोदाम लखलखीत दिसन. साहेब म्हणन, अंधार कुठी आहे? कमी उजेडातला चारशेचा रोल टाकतो, लेन्स पुरी उघडतो. येईन तसं येईन." पटलं. मुली मात्र केसांना तेल लावून, लाल रिबिनी बांधून आल्या होत्या. शेवटी तो हळूच म्हणाला, "एक फ्लॅशवाला काढू का, पोरींसाठी?" मी फटकारलं, "पुरावा पाहिजे, शोभा नको!" फोटोत काळोख आला आणि काळोखात धूसर हातपाय. पत्रक निघालं, गोदामात ट्यूबलाइट लागल्या. मी तोऱ्यात पत्रकं घेऊन मुलींकडे गेले. दात पडलेली ती पोरगी कागद उलटसुलट करून पाहत राहिली. "ताई, याच्यात मी कोन्ती?" मी त्या धूसर हातपायांवर बोट फिरवून तिला शोधू लागले. ते पत्रक माझ्याकडे अजून आहे. त्या मुलींचे चेहरे दिसतील असा फोटो माझ्याकडे नाही, आणि बहुतेक त्यांच्याकडेही नसेल.