कुलरमागचं गाणं

लकवा झाल्यापासून आमच्या यांची वाचा गेली. उजवा हातही गेला. पण गावच्या भजनमंडळात यांनी तीस वर्षं खंजिरी वाजवली होती. भजन लागलं की डाव्या हाताची बोटं खाटेच्या काठावर ठेका धरत. डॉक्टर म्हणाले होते, तेवढा हात हलत राहू द्या.

म्हणून मुलाने मागच्या खोलीत यांच्या खाटेजवळ वायफायवर चालणारा स्पीकर आणला. थंडीभर छान वाजला. चैत्रापासून मात्र गाणं मध्येच तुटायचं. गाणं थांबलं की बोटंही थांबायची. मग हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला ते बघवत नसे.

मुलगा म्हणाला, स्पीकरच खराब निघाला. आम्ही अमरावतीचे, सून अकोल्याची. तिने मलाच विचारलं, "आई, कवापासून तुटून राह्यलं हे?"

चौथी शिकलेल्या बाईला असं कोणी विचारत नाही. मी पदराशी चाळा करत म्हणाले, "कुलर लावला तवापासून."

मुलगा हसला. "कुलरचा अन् गाण्याचा काय संबंध, आई?"

सून हसली नाही. हातात मोबाईल घेऊन ती समोरच्या खोलीतल्या वायफायच्या डब्यापासून निघाली. मधल्या खोलीत आमचा मोठा पत्र्याचा कुलर, पाण्याने भरलेला. त्याच्या अलीकडे मोबाईलवर वायफायच्या रेघा भरलेल्या, पलीकडे एकच. तिने तीनदा फिरून पाहिलं आणि मलाही दाखवलं.

"मंग कुलर काढू का? बाबा भाजतीन," मुलगा म्हणाला.

सून म्हणाली, त्या डब्यातून वायफायच्या दोन वाटा निघतात, पाचवाली आणि अडीचवाली. पाचवाली जोरात पळते, पण भिंत आणि पत्रा आला की अडखळते. दुसरी हळू, पण आडोशातूनही पोचते. स्पीकर पाचवर जोडलेला होता.

"पाच सोडून अडीचवर जाते? अकोल्याच्या उन्हानं डोकं फिरलं का तुयं?" मुलगा म्हणाला.

"अन् अमरावतीत का चांदणं पडते?" ती म्हणाली. "तुमचा पिक्चर पाचवर पाहा. गाण्याले धाव नाई लागत, पोच लागते."

तिने स्पीकर त्या हळू वाटेवर जोडला आणि भजन लावलं. कुलर पूर्ण जोरात सोडला. मी दाराशी उभी होते. पहिलं भजन संपलं, दुसरं लागलं. यांची बोटं चालूच होती.

तिसऱ्या भजनात बोटं थांबली. पण गाणं चालू होतं. यांनी एक बोट वर केलं, कुलरकडे दाखवलं, मग स्पीकरकडे, आणि पुन्हा वर.

"कुलरचा आवाज लय होते म्हणतात बाबा. गाणं मोठं करा," सून मुलाला म्हणाली.

मुलगा उठला आणि त्याने आवाज वाढवला. यांची बोटं पुन्हा खाटेवर पडू लागली.

सुनेला मी तेव्हा काही बोलले नाही. तोंडावर कौतुक करायला मला जमत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.