इघिल अझरूच्या क्लबची ऊब

इघिल अझरू गावातल्या ज्युदो क्लबच्या किल्ल्या एकोणीस वर्षं फेरूजाकडे होत्या. नवरा गेला तेव्हा गावसभेने तिला हे काम दिलं. हॉल झाडायचा, चटया पुसायच्या, मुलं यायच्या आधी हीटर पेटवायचा. गावातली निम्मी तरुण मंडळी तिच्या डोळ्यांदेखत या चटयांवर पडून उठायला शिकली होती. सगळे तिला न्ना फेरूजा म्हणत. वडीलधाऱ्या बाईला तिथे असंच म्हणतात, पुरुष असेल तर दा.

हॉल म्हणजे जुन्या शाळेची लांबट खोली. समोर जुरजुरा डोंगरावरचा बर्फ. डिसेंबर लागला की चटईवर अनवाणी पाय ठेवताना लहान मुली किंचाळायच्या. कोपऱ्यात गॅसचा जुना हीटर होता, त्याचा धूर न्यायला भिंतीतून बाहेर गेलेला पत्र्याचा पाइप होता, आणि त्याला हवा मिळावी म्हणून खाली भिंतीत वीतभर भोक, त्यावर जाळी. त्या भोकातून असा वारा यायचा की हीटरची सगळी ऊब तो गिळून टाकायचा.

त्या मंगळवारी बर्फ पडत होता. मुली यायला अजून वेळ होता. फेरूजाने आपला जुना स्वेटर घेतला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि जाळी उचकटून भोकात कोंबली. हॉल लवकर तापला. मुली आल्या आणि आनंदाने ओरडल्या, "न्ना फेरूजा, आज काय जादू केलीस गं?"

तासाभराने एकीचं डोकं दुखायला लागलं. मग दुसरीचं. ज्युदोचा मास्तर अमेझियान म्हणाला, "सकाळी नीट खाऊन येत नाही तुम्ही." तेवढ्यात अकरा वर्षांची तिझिरी मधोमध उभी राहिली, तिने आधारासाठी भिंतीकडे हात केला आणि गुडघ्यांतून वाकून खाली कोसळली. तिला ओकारी झाली. मागोमाग आणखी दोघी खाली बसल्या.

दाराशी बसलेल्या फेरूजाची नजर बुजवलेल्या भोकाकडे गेली; हवा न मिळालेला हीटर खोलीत विष सोडत होता. तिने दोन्ही दारं सताड उघडली, गॅस बंद केला आणि ओरडली, "बाहेर! सगळ्यांना बाहेर काढ!" अमेझियान धडपडतच दोघींना काखोटीला मारून बर्फात घेऊन गेला. तिझिरीला फेरूजाने स्वतः उचललं. तिच्या ओठांचा रंग बघून फेरूजाला रडूही येईना. बाकीच्या मुली बाहेर पडल्या आणि हॉल रिकामा झाला, तेव्हा ती एकदाच आत गेली. तिने भोकातला स्वेटर ओढून काढला आणि आपल्या झग्याच्या आत छातीशी दडवला.

हे तिने कधी ठरवलं, ते तिला नंतरही कळलं नाही.

तिझिरीला तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. गॅस कंपनीकडून आलेल्या माणसाने हीटर तपासला आणि पाइप गंजलाय, सांधा सुटलाय असं लिहून दिलं. ते खोटंही नव्हतं. पाइप गंजलेलाच होता.

शुक्रवारी गावसभा बसली. प्रमुख दा अक्ली काठी आपटून म्हणाला, "तो हीटर मला आता त्या हॉलमध्ये दिसता कामा नये. बॉयलर बाहेर वेगळ्या खोलीत, आत भिंतींना फक्त गरम पाणी खेळवणाऱ्या पत्र्याच्या पेटाऱ्या. पोरींच्या श्वासात गॅस नको." सगळे हो म्हणाले. प्रत्येक घरामागे दोन हजार दिनार ठरले, फ्रान्समध्ये कामाला गेलेल्या मुलांना फोन गेले. "आणि बायकांकडून गोळा करायला?" कुणीतरी विचारलं. दा अक्लीने दाराशी उभ्या असलेल्या फेरूजाकडे बघितलं. "दुसरं कोण? ज्या बाईने पोरी वाचवल्या, तीच."

फेरूजाने खाली बघत मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरू लागली. प्रत्येक घरात तिला बसवून घेत. कॉफी, तेलात बुडवलेली गरम भाकर, आणि डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. "तू नसतीस तर, न्ना फेरूजा!" एका म्हातारीने तर तिच्या हाताचं चुंबन घेतलं. फेरूजाने हात असा मागे ओढला की कॉफी सांडली. कुणी जरा टक लावून बघितलं तरी तिला वाटायचं, याला कळलंय. अमेझियानने एकदा सहज विचारलं, "त्या खालच्या भोकाची जाळी कशी गं वाकली?" ती म्हणाली, "उंदीर असेल." रात्रभर तिला वाटत राहिलं की असलं उत्तर उंदरालाही पटणार नाही.

पण खरी भीती निराळीच निघाली. आणि ती तिला पाचव्या-सहाव्या घरात सापडली.

कोपऱ्यात तसलाच हीटर. खाली भिंतीत तसलंच भोक. त्यात प्लास्टिकची पिशवी कोंबलेली. पुढच्या घरात उशी. त्याच्या पुढे चक्क सिमेंट. "वारा येतो गं फार," बायका सांगत, जणू त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्या गावाला वाटत होतं की दोष क्लबच्या गंजक्या पाइपचा. आपल्या घरचा हीटर तर नवा आहे!

फेरूजा म्हणू लागली, "बाई, ते भोक मोकळं ठेव." बायका हसत. "अगं, तू घाबरलीयस त्या दिवसापासून. आमचा पाइप चांगलाय." कुणी तिच्यासमोर चिंधी काढायची, आणि ती वळणावर पोहोचायच्या आत परत घालायची.

तिझिरीच्या घरी जायचं ती टाळत राहिली. अखेर एक दिवस गेली, तेव्हा तिझिरीची आई वर्दिया पीठ मळत होती. तिझिरी शाळेत गेली होती. हीटरच्या बाजूला पाळण्यात चार महिन्यांचं बाळ झोपलं होतं, गाल लालबुंद. भिंतीतल्या भोकात घोंगडीचा तुकडा पाचरीसारखा ठोकलेला.

"वर्दिया, ते काढ."

"बाळाला गार लागतं. बस ना, न्ना फेरूजा. तुझे पैसे काढून ठेवलेत मी."

"आधी ते काढ म्हणते ना!"

वर्दिया दचकली. मग हसली. "अगं, क्लबचा पाइप फुटला होता. आमचा बघ, मागच्याच वर्षी घातलाय."

फेरूजाने पाळण्याकडे बघितलं. बाळाची छाती हलतेय का, ते तिला नीट दिसेना. ती खाली बसली, दोन्ही हातांनी ती घोंगडी ओढून काढली, आणि तोंड भिंतीकडेच ठेवून म्हणाली, "क्लबचं भोक मी बुजवलं होतं. माझ्या स्वेटरने. पोरींना ऊब मिळावी म्हणून. तुझी तिझिरी पाइपमुळे नाही पडली, माझ्यामुळे पडली."

वर्दियाचे पिठाचे हात तसेच थांबले. मग तिने बाळाला पाळण्यातून उचलून छातीशी घेतलं.

"आणि तू माझ्याकडून आशीर्वाद घेतलेस," वर्दिया म्हणाली. "दवाखान्यात मी तुझ्या गळ्यात पडून रडले, तेव्हा तू काय म्हणालीस? 'देवाची कृपा.'"

"हो."

"जा."

फेरूजा उठली. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "जाते. पण ते परत घालू नकोस. माझ्यावर थुंक हवं तर, पण घालू नकोस."

तिथून ती घरी गेली नाही. तडक दा अक्लीकडे गेली, किल्ल्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या आणि सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने तिला बसवून सगळं ऐकून घेतलं.

"हे मला नुसतं सांगून भागणार नाही," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर आले. सभेपुढे मला बोलू द्या."

त्या गावात बाई सभेपुढे बोलत नसे. फेरूजा बोलली. दाराच्या आत दोन पावलं, डोक्यावरचा रुमाल हनुवटीखाली घट्ट धरून. पुरुष खाली बघत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "पोरगी मेली असती म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे मीही मेले असते. पण आता एखादी घरात मरेल, तुमच्या घरात, तुम्ही उशी कोंबलीय तिथे. मी बघून आलेय. नावं घेऊ?"

कुणीच नावं घ्यायला सांगितलं नाही. अमेझियान उठला आणि म्हणाला, जाळी वाकलेली त्यानेही बघितली होती, तेव्हाच नीट विचारायला हवं होतं.

सभेने तिच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. वर्गणीचं काम मात्र तिच्याकडेच राहिलं, कारण ते करायला दुसरी कुणी तयार होईना, आणि दा अक्लीने फर्मान काढलं की पैसे घेण्याआधी फेरूजा त्या घराचं भोक बघेल. ते बुजलेलं असलं तर ती पैसे घेणार नाही, आणि तसं घर सभेत उघडं पडेल. त्या धाकाने गावातली निम्मी भोकं एका आठवड्यात मोकळी झाली. बाकीची तिने एकेक करून, भांडून, शिव्या खाऊन मोकळी केली. आता कुणी तिला कॉफी विचारत नव्हतं. कुठेकुठे दार अर्धंच उघडायचं. एका घरी तिच्यावर कुत्रं सोडलं. ती परतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

मार्च उजाडायच्या आत पैसे जमले. बॉयलर बाहेरच्या खोलीत बसला, हॉलच्या भिंतींना गरम पाण्याच्या पेटाऱ्या लागल्या. पहिल्या दिवशी मुली अनवाणी धावत सुटल्या. तिझिरी सगळ्यात शेवटी आली, दाराशी घुटमळली, मग अमेझियानचं बोट धरून चटईवर चढली. फेरूजा रस्त्याच्या पलीकडून बघत होती. आत जायला तिला कुणी मनाई केली नव्हती. तिचेच पाय वळले नाहीत. ती उगीच पोरींचे श्वास मोजत राहिली, जणू एवढ्या लांबून ते दिसणार होते.

किल्ल्या तिला पुन्हा मिळाल्या नाहीत. वर्दिया तिच्याशी दोन वर्षं बोलली नाही. पाणवठ्यावर समोर आली तर बादली घेऊन बाजूला व्हायची. तिसऱ्या वर्षी वर्दियाच्या नणंदेने नवीन घर बांधलं, तेव्हा एका सकाळी वर्दियाच फेरूजाच्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"नणंदेकडे नवा हीटर बसवलाय," ती म्हणाली. "चल, बघून जा. मला भीती वाटते."

फेरूजाने चुलीवरची भाकर तशीच टाकली आणि चपला घातल्या.