चैत्रातली पाहणी

जागेची पाहणी करायला मी चैत्रात गेलो, तिथेच घोळ झाला. महाडजवळ आमच्या विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तिथल्या वसतिगृहाच्या बैठ्या छपरावर सोलर पॅनेल बसवायची होती आणि ते काम तडीस नेणं माझ्याकडे होतं. त्या दिवशी मोटरसायकल लावायला मला हातभर सावली मिळेना. परतताना सीट इतकी तापलेली की निम्मा रस्ता मी उभ्यानेच गाडी चालवली. 'या आवारात सावली म्हणून नाही,' असं येईल त्याला ऐकवत होतो, आणि वर कळवलं तेही तेच : दिवसभर ऊन, सावलीचा अडथळा नाही.

पश्चिमेला कुंपणाबाहेर सागाची रांग होती. पण चैत्रात साग म्हणजे नुसत्या काठ्या. मी जन्माने पोलादपूरचा, लहानपणी सागाच्या पानावर जेवलेला, तरी त्या काठ्यांना पुढे पानं फुटतील हे काही डोक्यात आलं नाही.

मग नेहमीची ओढाताण. लोखंडी सांगाड्यांचा ट्रक कशेडी घाटात दरडीमागे अडकला, फिटर गावी गेले, पाऊस थांबेना. पॅनेल चढली एकदाची. पावसाळाभर ढगच असल्याने वीज कमी का होतेय, असं कुणी विचारलं नाही. आश्विनात आभाळ मोकळं झालं. दुपारी छपरावर गेलो तर निम्म्या पॅनेलांवर सागाची परातीएवढाली पानं सावली धरून डुलत होती. मी तिथेच बसलो. बसायला जागा छान गार होती.

फोनवर साहेब म्हणाले, "झाडं कुणाची? तोडायला सांगा. दोन शब्द गोड बोला."

झाडं शेजारच्या वाडीतल्या एका आजींची होती. धाकट्या मुलाच्या घराला लाकूड म्हणून त्यांनी ती वाढवली होती, पण अजून कोवळी होती. आता तोडली तर चुलीपलीकडे उपयोग नाही. हे मला जायच्या आधीच ठाऊक होतं.

आजींनी सागाखालीच पोतं अंथरलं. "बसा सायेब. आता हाय सावली."

कोरा चहा आला. मी गोड शब्द शोधत होतो. आजीच म्हणाल्या, "चैतात तुमीच वरडत होतात ना, हितं सावली नाय म्हणून? आमच्या पडवीपर्यंत ऐकू येत होतं."

"मीच तो," मी म्हणालो.

"मग आता झाली तर तोडायला आलात होय?"

"तोडायचं कोण म्हणालं?"

"तुमचं तोंड म्हणतंय. चहा घ्या, निवतोय."

चहा संपेपर्यंत माझ्याकडचे गोड शब्दही संपले. कुंपणाशी येऊन साहेबांना फोन लावला. म्हटलं, चूक माझी आहे. झाडं राहतील, पॅनेल उतरवून पूर्वेच्या पार्किंगवर छत करून तिथे नेऊ. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "म्हणजे सगळं पुन्हा?"

"पुन्हा."

"तुम्हीच वरती समजवा मग," म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवाळीत आम्ही बायकोच्या माहेरी, कुडपणला जाणार होतो. आता सुट्टी पार्किंगवर जाणार, हे सांगायचा प्रसंग आला तेव्हा ती चकल्या पाडत होती. मी सगळं सांगितलं, तापलेल्या सीटसकट. तिने सोऱ्या फिरवायचं थांबवलं नाही.

"त्या आजी एकट्याच असतात का हो?"

"धाकटा मुंबईला असतो. येऊन जाऊन."

तिने घाणा उतरवला. मग डब्यात कागद घालता घालता म्हणाली, "उद्या जाताना त्यांना चकल्या घेऊन जा. आणि पार्किंगची पाहणी उद्याच उरका, झाडांवर पानं आहेत तोवर."