केसपेपरची मागची बाजू

इंदूताईंची आणि माझी पहिली भेट माझ्या हिंगणघाटच्या दवाखान्यात झाली. सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून सारी हयात घालवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि मला अनुभवी माणूस हवं होतं. मी मुलाखत घ्यायच्या थाटात बसलो होतो, पण पहिला प्रश्न त्यांनीच विचारला. टेबलावरचा कोरा केसपेपर उचलून त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पेशंट घरी एकटाच जेवते का, हे याच्यावर कुठी लिवाचं?" मी म्हणालो, तेवढ्यासाठी जागा नाही. त्यांनी कागद उलटा केला. "मांगं हाये ना जागा," असं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाल्या.

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात केसपेपरला दोन बाजू झाल्या. पुढे माझ्या गोळ्या, मागे ताईंचं अक्षर. 'बुधवारी दुपारी मारोतीच्या देवळात भजनाला बसणे.' 'सोमवारच्या बाजाराला बेबीबाईसोबत जाणे, एकटीनं नाही.' लिहून त्या मोकळ्या होत नसत. आधी देवळात जाऊन, नव्यानं येणाऱ्या पेशंटच्या शेजारी कोण बसेल ते ठरवून येत आणि पहिल्या दिवशी स्वतः सोबत जात. त्यांनी माझं एकही औषध कधी बंद करायला सांगितलं नाही. "समोरचं चुकवाचं नाई, मांगचंबी चुकवाचं नाई," हे त्यांचं प्रत्येकाला बजावणं असे.

मला हे पटत होतं असं आज लिहिलं तर छान दिसेल. पण खरं हे की मी नाक मुरडत होतो. गोळ्या बदलल्या नसताना माणसं बरी होताना दिसत, तरी श्रेय मी माझ्याच पदरात टाकून घेत होतो.

वामनराव त्यातले एक. कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले, पाठोपाठ पत्नी गेल्या, आणि दर आठवड्याला छातीत धडधड घेऊन माझ्याकडे यायला लागले. कार्डिओग्राम दर वेळी स्वच्छ. ताईंनी त्यांच्या कागदामागे लिहिलं, 'गुरुवारी बचत गटात जाऊन शिलाई मशिनी पाहणे.' वामनराव गेले. मी छातीला नळी लावतो तसे ते मशीनला कान लावून बसत आणि कुठला भाग झिजला आहे ते सांगत. वीस बायका त्यांची वाट पाहू लागल्या. धडधड कुठे गेली, त्यांनाही कळलं नाही.

त्याच सुमारास डॉक्टरांच्या एका बैठकीत कुणीतरी मला हसत विचारलं, "तुमच्याकडे आता भजनाची गोळी मिळते म्हणे?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं होतं. पुढच्या महिन्यात ताई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या. तेवढ्यात मी नवे केसपेपर छापून आणले. मागच्या बाजूला एका लॅबची जाहिरात, वरपासून खालपर्यंत. लॅबवाल्यांनी फुकट छापून दिले, हे माझं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण हे की ताईंना लिहायला जागाच उरू नये. समोर बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी त्या नसताना हा उद्योग केला.

ताई काळा चष्मा लावून परतल्या. नवा कागद त्यांनी हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि जागेवर ठेवला. मग विचारलं, "वामनराव येऊन राह्यले का?"

मला माहीत नव्हतं. ताई त्याच दुपारी, डोळ्याच्या डॉक्टरांनी उन्हात फिरायला मनाई केलेली असताना, त्यांच्या घरी गेल्या. वामनराव अंथरुणावर होते. जेवण तुटलं होतं, अंग निम्मं झालं होतं. बचत गटात जाणं त्यांनी कधीच सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ताई त्यांना माझ्यासमोर घेऊन आल्या. मी विचारलं, "वामनराव, जायचं का सोडलं?" ते माझ्याकडे नवल करत पाहत राहिले.

"तुमीच तं बंद केलं, साहेब. नव्या कागदावर नव्हतं. मले वाटलं, तेवढा डोस पुरे झाला."

आयुष्यभर कागदावर आहे तेवढंच आणि तसंच करणारा तो माणूस. औषध लिहिलेलं नाही म्हणजे डॉक्टरांनी थांबवलं, इतकी साधी त्याची समजूत. त्यांनी माझ्यावर ठेवलेला विश्वास पाहून मला खुर्चीत बसवेना. ताईंनी कागद ओढला आणि जाहिरातीच्या कडेला, बोटभर समासात, नुकत्याच ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं बारीक अक्षरात पुन्हा लिहिलं, 'गुरुवारी मशिनी पाहणे.'

मी ते कागद त्याच दिवशी फाडून टाकायला हवे होते. नाही फाडले. चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. गठ्ठा संपत येईपर्यंत ताई समासात लिहीत राहिल्या आणि मी ते पाहत राहिलो.

पुढे आमच्या दवाखान्याचं नाव झालं. वर्ध्याला एका सभेत 'औषधासोबत माणसं देणारे डॉक्टर' म्हणून माझा सत्कार झाला. भाषणात मी 'माझे सहकारी' एवढंच म्हणालो. ताई चौथ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. सत्कारात मिळालेली शाल मी आजवर अंगावर घेतलेली नाही. पण परतही केली नाही, हेही खरंच.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. मी दवाखाना बंद केला, झोप उडाली, फोन घेणं सोडलं. एके सकाळी ताई काठी टेकत घरी आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "एखादा जुना केसपेपर असन तं आणा." त्याच जाहिरातीचा एक कागद कपाटात उरलाच होता. ताईंनी समासात लिहिलं, 'गुरुवारी वामनरावांसोबत मशिनींवर जाणे. आठ दिवसांनी दाखवणे.' दुसरं कुठलंही ठिकाण त्यांना सुचलं असतं. त्यांनी नेमकं तेच लिहिलं.

चार महिने मी गेलो नाही. वामनरावांसमोर जाण्यापेक्षा न झोपणं सोपं होतं. मग ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागणारं पत्र आलं. मी ताईंची थोरवी सांगणारी दोन पानं लिहिली, वाचली आणि फाडली. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी केली नव्हती, आणि त्यांचा गौरव करायला निघालो होतो.

परवाच्या गुरुवारी गेलो. वामनराव मशीनपाशी बसले होते आणि त्यांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती.

"या, साहेब. ताईनं सांगतलं होतं, तुमी येसान म्हणून. दर गुरुवारी खुर्ची मांडून राह्यलो."

मी म्हणालो, "वामनराव, तेव्हा तुमचं ते डोसबिस काही पुरं झालं नव्हतं. ताईंना लिहिता येऊ नये म्हणून मी ती जाहिरात छापली होती."

त्यांनी मशीनला लावलेला कान काढला नाही. "ठाऊक हाये मले. ताईनं कडेला लिवलं, तवाच समजलं. ही तेलाची कुपी धरा जराशी."

मी कुपी धरली. त्या रात्री मला झोप लागली.

इंदूताई, सभेत जे बोललो नाही ते आता छापून देतो आहे: मागच्या बाजूचं सगळं काम तुमचं होतं, आणि ती बाजू मी बुजवली होती. तुम्ही आठ दिवसांनी दाखवायला सांगितलं होतं. चार महिने उशिरा, तुमच्या अमृतमहोत्सवाच्या दिवशी, वामनरावांना सोबत घेऊन मी दाखवायला येतो आहे. तुमचे डोळे, गुडघे आणि अक्षर आणखी पुष्कळ वर्षं ठणठणीत राहोत. माझा इलाज आत्ताच सुरू झाला आहे, दवाखानाही पुन्हा उघडतो आहे, आणि कोऱ्या पाठीचे कागद मी छापायला टाकले आहेत.