आईची पाठ

आईची पाठ वर्षभर दुखत होती. प्रताप नगरातल्या आमच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि ‘वय झालं’ म्हणाले. मलाही ते पटलं. “किती कुरकुर करून राहिली वं आई,” असं मी एकदा तिला बोललेही.

मग नुसत्या खोकल्यानं तिचा मणका मोडला. मोठ्या दवाखान्यात आणखीही मणके दबलेले दिसले. अस्थिमज्जा तपासली, तेव्हा मज्जेचा कॅन्सर निघाला.

“फार कमी लोकांना होतो हा,” तिथले डॉक्टर म्हणाले. “पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी आवरता येतो.”

“कमी लोकायले होते, तं मलेच काहून झाला?” आईनं विचारलं. त्यांनी औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली.

दर आठवड्याला पोटात इंजेक्शन सुरू झालं. इंजेक्शनच्या खोलीत याच आजाराचे आणखी चौघे भेटायचे. मौद्याच्या एका बाईंनीही वर्षभर पट्टाच बांधला होता.

सहा महिन्यांनी रिपोर्ट सुधारले. डॉक्टर खूश झाले. दबलेले मणके मात्र तसेच राहिले आणि आई दोन इंचांनी बुटकी झाली.

“आधीच पाह्यलं असतं, तं पाठ सरळ राह्यली असती,” ती माझ्याकडे बघत म्हणाली.

मी फाईल आवरत राहिले.