हातांवर बसणारी नर्स

नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट शहरात प्रत्येक वस्तीला आपली नर्स असते. आमच्या वस्तीची नर्स सायकलवरून यायची. उंच, पन्नाशीची, नाकाचा शेंडा कायम लाल. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना सकाळी पाव द्यायला जायचो, तेव्हा ती तिथे असायची.

आजोबांचे पाय सुजायचे. सूज आवरायला दिलेला घट्ट मोजा चढवताना त्यांना घाम फुटायचा. आणि ही बाई समोरच्या खुर्चीत, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून, नुसती बघत बसायची. मला कळेना, ही नर्स आहे की प्रेक्षक? एकदा न राहवून मी खाली वाकलो, तर तिने मानेनेच मला थांबवलं.

बाहेर ती सायकलचं कुलूप काढत असताना मी विचारलंच, "तुम्ही मदत का करत नाही?"

"माझं येणं बंद व्हावं, म्हणून तर मी येते," ती म्हणाली. "आणि हात मोकळे ठेवले की ते आपोआप पुढे जातात."

मला ते पटलंही आणि निर्दयही वाटलं.

त्या रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. दादा आईला चमच्याने वरणभात भरवत होता. आईचे हात धड आहेत, तरी ती तोंड उघडून वाट बघत होती. दादाला थांबवावं की त्याचे आभार मानावेत, ते ठरेना. मी नुसता बघत बसलो. आणि माझे हात तर पुढे जायला धडपडतही नव्हते.